झडपेचा डाव

प्रिय धाकट्या,

आधी एक कबूल कर. हे पत्र शेवटपर्यंत वाचल्याशिवाय तू सोमवारी घाटाची गाडी बाहेर काढणार नाहीस. मोठ्या बहिणीचा हुकूम समज, विनवणी समज, काय वाटेल ते समज. तू लगेच म्हणशील, ताईचं झालं सुरू! होय, झालंय सुरू. रविवारी तुझ्या घरून परत आल्यापासून माझा जीव टांगणीला लागलाय. शाळेत शिट्टी तोंडात धरून मी नुसती उभी राहते. फोन करायचं ठरवते, फोन उचलते आणि ठेवून देते. फोनवर तू मला बोलू कुठं देतोस? दुसऱ्या वाक्याला तू विनोद करणार, तिसऱ्याला मी हसणार, आणि सांगायचं ते राहूनच जाणार. कागदाला मध्येच तोंड घालता येत नाही, म्हणून कागद घेतला. समास जरा जास्तच मोठा सुटलाय, तिकडं लक्ष देऊ नकोस. शाळेत असताना समास सोडला नाही म्हणून बाई पट्टी मारायच्या, आता तो आपोआप सुटतो. शनिवारी सकाळी फिरायला निघाले की तुझे भावोजी हे तुझ्या हातात देतील. आत काय लिहिलंय ते त्यांना ठाऊक आहे. तुझ्या बायकोला ठाऊक नाही, तिला तूच सांग.

रविवारचा बेत मात्र झकास झाला, हे आधी सांगते, नाहीतर म्हणशील की ताईला आनंद म्हणून बघवत नाही. घाटाची गाडी मिळावी म्हणून तू किती वर्षं वाट बघितलीस, ते मला माहीत आहे. गावातल्या गावात थांब्याथांब्याला दार उघडा, दार बंद करा, सुट्ट्या पैशांवरून कटकट ऐका, असं करून तुझं डोकं पिकलं होतं. डेपोतली जुनी खोडं निवृत्त होत नव्हती आणि तुझा नंबर लागत नव्हता. आता लागला, म्हणून तू मित्र बोलावलेस, बेकरीवालीनं केकवर क्रीमचा वळणावळणाचा रस्ता काढून आणला आणि आपल्या गल्लीतल्या लांब्यानं तो रस्ता सुरीनं कापताना तोंडानं हॉर्न वाजवला. तुझ्या चेहऱ्यावरचा तो आनंद मी लहानपणी सायकल मिळाली तेव्हा पाहिला होता, त्यानंतर आत्ता. म्हणूनच हे लिहिताना हात मागे येतोय. तुझ्या तोंडचा घास काढून घ्यायला निघालेली बहीण, असंच मला सारखं वाटतंय.

केक खाताना तू डेपोच्या फाटकाचा किस्सा सांगितलास. फाटक हल्ली आकसलंय म्हणे, बायकोच्या रागासारखं कधी लहान कधी मोठं होतं, आणि गेल्या महिन्यात त्याचा खांब दोनदा तुझ्या गाडीच्या अंगावर आला. तुमच्या डेपोचा गॅरेजवाला पोट धरधरून हसला. तो म्हणाला, तुझ्या गाडीच्या डाव्या अंगावर रंग लावून लावून माझा ब्रश झिजला, आता खांबालाच उशी बांध. सगळे हसले. मीही हसले असेन, कारण तू माझ्याकडे बघत होतास. पण तो डावं अंग म्हणाला ना, तेव्हाच माझ्या हातातली बशी मी खाली ठेवली.

मग पत्त्यांची झडप सुरू झाली. इतक्या वर्षांनी! सतरंजीवर गोल करून आपण सगळे बसलो, मधली जागा मोकळी केली, आणि अर्ध्या घटकेत साठीला टेकलेले, चाळिशी लागलेले, गुडघे दुखणारे सगळे पोरंसोरं झाले. तुझ्या बायकोला खेळ ठाऊक नव्हता. लांब्यानं तिला शिकवला तो ऐकण्यासारखा होता. म्हणाला, वहिनी, यात डोकं लागत नाही म्हणून तुमचा नवरा यात पटाईत. प्रत्येकानं आपल्या गठ्ठ्यातलं वरचं पान मध्ये टाकायचं आणि तोंडानं ओळीनं म्हणत जायचं, एक्का, दुर्री, तिर्री, असं थेट राजापर्यंत. तोंडातलं आणि हातातलं एक झालं, म्हणजे सत्ती म्हटलं आणि सत्तीच पडली, की सगळ्यांनी गठ्ठ्यावर झडप घालायची. ज्याचा पंजा सगळ्यात वर, म्हणजे सगळ्यात शेवटी, त्यानं तो आख्खा गठ्ठा उचलायचा. हात रिकामा होईल तो सुटला. खेळायचं मात्र भरभर, विचार करायला सवड द्यायची नाही. आणि अंगठ्या काढून ठेवायच्या, हा नियम बेकरीवालीनं घातला, कारण तुझ्या अंगठीचा वळ तिच्या मनगटावर अजून आहे असं तिचं म्हणणं.

तुझी झडप म्हणजे झडप होती रे. आपल्या गल्लीत तुझ्या पंजाच्या आधी गठ्ठ्यावर कुणाचा पंजा पडला नव्हता. रविवारीही पहिले काही डाव तसेच गेले. गठ्ठा तुझ्या पुढ्यात होता, गॅरेजवाला अठ्ठी म्हणाला, अठ्ठी पडली आणि माझी पापणी लवायच्या आत तुझा तळवा खाली. बेकरीवाली हात झटकत ओरडली. भावोजी तर कायम शेवटचे, त्यांना पान बघून चष्मा सारखा करायचा असतो, तोवर दुनिया उलथून जाते. मला म्हटलं तर हायसं वाटलं. वाटलं, नाही, तसं काही नाही, उगाच माझ्या मनाचे खेळ. आणि मग तो गठ्ठा जागचा हलला. इतके पंजे पडतात म्हटल्यावर पानं घसरतातच, ती घसरत घसरत माझ्या गुडघ्याशी आली. मी तुझ्या डावीकडे बसले होते, आठवतंय ना? तिथून पुढं तुझं काय झालं, ते तू हसण्यावारी नेलंस, पण मी पान न् पान पाहिलं.

राणी म्हटली, राणी पडली. आमचे सगळ्यांचे पंजे एकमेकांवर रचले गेले, आणि मग तुझा आला. गुलामावरही तसंच. नंतर तिर्रीवर तर तुझ्या बायकोनं, जिला अर्ध्या तासापूर्वी खेळ येत नव्हता, तुला मागे टाकलं आणि ती टाळ्या पिटत उभी राहिली. धाकट्या, तू पान बघून हात मारत नव्हतास. आमच्या पंजांचा आवाज ऐकून मारत होतास. मुलांच्या शर्यतीत मी वर्षानुवर्षं हेच बघत आले, कोण शिट्टीला पळतं आणि कोण शेजारचा पळाला म्हणून पळतं. दोघांच्या पायातला फरक मला पाठमोरं उभं राहूनही कळेल. तुझ्यापुढं पानांचा डोंगर झाला. लांब्या म्हणाला, घाटाचा राजा आणि पत्त्यांचा हमाल! बेकरीवाली म्हणाली, आज खुशीत आहे ना, मुद्दाम आपल्याला जिंकू देतोय. तू म्हणालास, ताई शेजारी बसली की माझं नशीब फिरतं. मग गठ्ठा पुन्हा गॅरेजवाल्याकडे, तुझ्या उजवीकडे सरकला, तशी तुझी झडप परत आली. पुन्हा माझ्याकडे आला, पुन्हा गेली. शेवटी शेवटी तू सबंध मान वळवून गठ्ठ्याकडे बघत बसलास आणि तोंडातला आकडा चुकायला लागलास. सगळ्यांना वाटलं, दमलास.

आणखी एक सांगते. मधे सरबत आलं. तुझा ग्लास तुझ्या डाव्या हाताला ठेवला गेला. तुझी बायको भावोजींशी बोलत होती, बाजारातल्या कुठल्याशा भांडणाची हकिगत सांगत होती. बोलता बोलता, तुझ्याकडे न बघता, तिनं तो ग्लास उचलला आणि तुझ्या उजव्या हाताला ठेवला, आणि हकिगत पुढं चालू. तिचा एक शब्दही अडखळला नाही. म्हणजे ती हे रोज करते. का करते, ते तिलाही ठाऊक नसेल. तू सांडतोस, धांदरट आहेस, आणि सतरंजी धुवायला तिलाच लागते, एवढंच तिला ठाऊक असणार.

तुला आई आठवली का रे? मला तिथंच आई दिसली. बाबा जेवायला बसले की आई वाढायच्या आधी त्यांचं पाण्याचं भांडं डावीकडून उजवीकडे करायची. बाबांनी आयुष्यात किती पाणी सांडलं, किती दारांना खांदा धडकवला, त्याला गणती नाही. आपण त्यांना धडकसिंग म्हणायचो आणि ते हसायचे. छापखान्यात खिळे जुळवणारा माणूस, मुंगीएवढी उलटी अक्षरं सरळ वाचायचा, त्याच्या डोळ्यांत काही खोट असेल हे कुणाच्या स्वप्नात तरी येईल का? शेवटी शेवटी घरातल्या घरात भिंतीला हात लावून चालायला लागले, तेव्हा आपण म्हटलं, वय झालं. डॉक्टरकडे नेलं तेव्हा समोर धरलेल्या बोटाखेरीज त्यांना काही दिसत नव्हतं. किल्लीच्या भोकातून बघावं एवढंच जग त्यांना उरलं होतं. डॉक्टरांनी काय नाव सांगितलं होतं ते तूही ऐकलंस, मीही ऐकलं. काचबिंदू. आपण ते बाबांचं दुखणं म्हणून ऐकलं आणि बाबांबरोबर संपवून टाकलं.

माझी बातमी तुला सांगायची राहिलीच आहे. शाळेतल्या सामन्यांना मी हल्ली पंच म्हणून उभी राहत नाही. तुला म्हटलं होतं की उन्हाचा त्रास होतो. उन्हाचा नाही. व्हॉलीबॉलचा चेंडू डावीकडच्या रेषेबाहेर पडला आणि मी आत दिला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. मुली माझ्याकडे बघत राहिल्या. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, अहो, असा ढळढळीत बाहेर! मला राग आला, कारण माझ्या लेखी तिथं चेंडूच नव्हता. मग एके दिवशी तोच चेंडू डाव्या कानशिलावर असा बसला की काजवे चमकले. सगळं मैदान हसलं. मीही हसले. घरी येऊन तुझ्या भावोजींना हसत हसत सांगितलं, तर ते हसले नाहीत. म्हणाले, दाराच्या चौकटीचे वळ तुझ्या डाव्याच दंडावर का असतात गं? चष्मा सारखा केल्याखेरीज पान न दिसणारा हा माणूस, पण माझे दंड त्यानं बरोबर पाहिले होते.

तू म्हणशील, मला काय धाड भरली आहे? डेपोत दरवर्षी डोळे तपासतात आणि तू सगळ्यात खालची ओळ घडाघडा वाचतोस, तक्त्याच्या तळाशी छापलेलं छापखान्याचं नावही सांगतोस. वाचशीलच. समोरचं तुला घारीसारखं दिसतं, बाबांनाही दिसायचं, मलाही दिसतं. तीच ओळ मीही वाचली. सुईत दोरा आजही पहिल्या फटक्यात ओवते. मेलं हे दुखणं समोरून येतच नाही, बाजूनं येतं, आणि काळोख होऊन येत नाही. काळोख दिसला असता तर आपण ओरडलो असतो. तिथं काही नव्हतंच असं वाटत राहतं. खांब नव्हता आणि एकदम आला. फाटक आकसलं. डावीकडून कुणी सायकलवाला आला, तर तोही तुझ्या लेखी नसेल रे. घाटात एका बाजूला डोंगर असतो आणि एका बाजूला दरी, जाताना एक डावीकडे येते आणि परतताना दुसरी. मागे चाळीसपन्नास माणसं, कुणी झोपलेलं, कुणाच्या मांडीवर पोर. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर सारखं येतं आणि मी अंथरुणावर उठून बसते. गाडी गेली तर तू काय करशील, घर कसं चालेल, याचीही मला तितकीच धास्ती आहे. कदाचित डोळ्यांत नुसते थेंब घालून तुझी गाडी राहील. कदाचित डेपोत दुसरं काम घ्यावं लागेल. मला माहीत नाही, आणि माहीत नसताना तुला खोटा धीर देणार नाही. मी डेपोत जाऊन चुगली करणार नाही, सांगायचं ते तूच सांगशील. पण न तपासता सोमवारी गाडी काढलीस, तर मी पहिल्या बाकावर डाव्या खिडकीशी शिट्टी घेऊन येऊन बसेन. हे लिहिलं आणि मग माझ्या लक्षात आलं, मला तरी डावीकडचं कुठं दिसतंय? दोघं मिळून खुशाल दरीत जाऊ.

आता खरं सांगते. रविवारच्या आधीच्या गुरुवारी मी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. त्यांनी मला एका मोठ्या वाडग्यासारख्या यंत्रात तोंड घालून बसवलं, मधल्या ठिपक्याकडे बघायला सांगितलं आणि हातात एक बटण दिलं. बाजूला कुठंही उजेडाचा कण चमकला की दाबायचं. आमच्या घरचा खेळच की, असं म्हणून मी दाबत सुटले. मग बराच वेळ काही चमकेना. मी म्हटलं, बाई, तुमचं यंत्र बंद पडलं. त्या म्हणाल्या, यंत्र चालू आहे. एवढंच. बाहेर आल्यावर त्यांनी सांगितलं की गेलेलं परत येत नाही, उरलेलं थेंबांनी राखता येतं, आणि पहिला प्रश्न विचारला की सख्खी भावंडं किती. तुला नुसतं सांगितलं असतं, तर तू गेला असतास का? खालची ओळ म्हणून दाखवली असतीस आणि मला गप्प केलं असतंस. म्हणून रविवारी पत्त्यांचा कॅट माझ्या पर्समधून निघाला. झडप खेळू या, असं मीच लांब्याच्या कानात सांगितलं. आणि गठ्ठा माझ्या गुडघ्याशी घसरत आला नव्हता, धाकट्या. पानं सारखी करते आहे असं दाखवून मीच तो सरकवत होते. ही युक्ती तुझीच. आठव, बाबा आपल्याशी झडप खेळायला बसायचे तेव्हा तूच ते गुपित शोधून काढलं होतंस, गठ्ठा बाबांच्या डाव्या हाताला ढकलला की बाबा हटकून हरतात. आपण त्यांना हरवून हरवून लोळायचो आणि आईला सांगायचो, बाबा मुद्दाम हरतात. मनातून मी देवाला सांगत होते की एकदा तरी याचा पंजा पहिला पडू दे. नाही पडला. सोमवारची रजा टाक, मंगळवारी सकाळी डॉक्टरीणबाईंकडे दोन नावं दिली आहेत, आधी माझं, मग तुझं. यंत्र बंद पडलंय असं वाटलं, तर घाबरू नकोस, मी दाराशीच असेन. आणि मी तुझ्या डावीकडे का बसले, ते तुझ्या लक्षात आलं असेलच. तिकडून तू मला उजवीकडे येतोस, अजून सबंध दिसतोस.

तुझ्या डाव्या बाजूला बसलेली,
तुझीच,
ताई